पीलच्या सोफिया मॉरिसन यांचे दप्तर : मँक्स भाषेचे उरलेले कागद आणि हरवलेला आवाज

१/
१९०९ च्या उन्हाळ्यात रुडॉल्फ ट्रेबिच नावाचा व्हिएन्नाचा एक संशोधक आइल ऑफ मॅन या लहानशा बेटावर उतरला आणि तेथील मँक्स भाषा बोलणाऱ्या मोजक्या माणसांचा आवाज मुद्रित करून परतला. तो आवाज आजही व्हिएन्नात जपलेला आहे. त्याच काळात बेटावरच्या लोकांनीही आपल्या भाषेचा आवाज टिकावा म्हणून मेणाच्या नळ्यांवर ध्वनिमुद्रण केले होते. त्या नळ्या मात्र नाहीशा झाल्या. त्या साऱ्या खटाटोपाच्या केंद्रस्थानी असलेल्या एका बाईंचे कागद तेवढे उरले. त्या बाईंचे नाव सोफिया मॉरिसन.

२/
आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रात ५७२ चौरस किलोमीटरचे हे बेट आहे. ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन असूनही ते युनायटेड किंग्डमचा भाग नाही. टिनवाल्ड नावाची त्याची स्वतःची प्राचीन विधानसभा आहे. बेटाची मूळ भाषा मँक्स. ही आयरिश आणि स्कॉटिश गेलिकची सख्खी बहीण. मात्र तिच्या अंगावरचा पोशाख निराळा. आयरिशला तिची जुनी लेखनपरंपरा होती. मँक्स मात्र सतराव्या-अठराव्या शतकांत धर्मोपदेशकांनी इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगात बसवली. त्यामुळे आयरिश वाचणारा माणूस मँक्सच्या छापील पानापुढे अडखळतो, आणि तेच पान कोणी मोठ्याने वाचले की त्याला बरेचसे कळते.

३/
मँक्सचा इतिहास हा मोठ्या अंशी कागदांच्या नशिबाचा इतिहास आहे. १७७१ मध्ये जॉन केली हा तरुण बायबलच्या मँक्स अनुवादाचे हस्तलिखित छपाईसाठी डग्लसहून समुद्रापलीकडे व्हाइटहेवनला नेत असताना त्याचे जहाज फुटले. त्याने पाच तास ते बाड पाण्याच्या वर धरून ठेवले, अशी हकीगत सांगितली जाते. ते वाचले आणि पुढे छापले गेले. याच केलीने नंतर मँक्स, आयरिश आणि स्कॉटिश गेलिक यांचा एकत्र कोश रचला. लंडनच्या छापखान्यात त्याचे फर्मे निघू लागले होते. १८०८ मध्ये तो छापखाना जळाला आणि कोशाची राख झाली. समुद्रातून वाचलेल्या माणसाचे काम आगीत गेले. त्याचा मँक्स-इंग्रजी कोश मरणानंतर कित्येक वर्षांनी, १८६६ मध्ये, प्रसिद्ध झाला.

४/
भाषा मात्र आगीने किंवा वादळाने मेली नाही. १७६५ मध्ये बेटाचे सरदारी हक्क ब्रिटिश राजसत्तेने विकत घेतले. पुढे स्थलांतर वाढले, लिव्हरपूलहून आगबोटी भरभरून पर्यटक येऊ लागले, १८७२ च्या कायद्याने शाळा आल्या आणि त्या इंग्रजी शाळा होत्या. मँक्स बोलून एक पेनीही मिळायची नाही, असे बेटावरचे लोक मँक्समध्येच म्हणत. आईबाप आपसांत मँक्स बोलत आणि मुलांशी इंग्रजी. १८७४ मध्ये हेन्री जेनर यांनी पाद्रीमंडळींना पत्रे पाठवून केलेल्या पाहणीत सुमारे १२ हजार मँक्स भाषक आढळले. १९०१ च्या जनगणनेत हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास आला, १९११ मध्ये सुमारे २,४०० वर, आणि १९२१ मध्ये तो हजाराच्याही खाली गेला.

५/
या उतरणीच्या मध्यावर, १८९९ मध्ये, मँक्स भाषा मंडळ स्थापन झाले. मँक्समधले त्याचे नाव ‘अन चेशाख गिल्काख’. ‘भाषा नाही, तर देश नाही’ हे त्याचे बोधवाक्य. पहिले अध्यक्ष ए. डब्ल्यू. मूर हे बेटाच्या ‘हाउस ऑफ कीज’ या लोकनियुक्त सभागृहाचे सभापती आणि इतिहासकार. अशा मंडळांत अध्यक्ष शोभा वाढवतात आणि चिटणीस काम करतात, हा नियम तेथेही फारसा चुकला नाही. मूर स्वतः कष्टाळू अभ्यासक होते, हे मात्र नमूद केले पाहिजे. १९०१ मध्ये चिटणीसपद सोफिया मॉरिसन यांच्याकडे आले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१७ पर्यंत, ते त्यांच्याकडेच राहिले.

६/
मॉरिसनबाईंचा जन्म १८५९ चा, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पील गावचा. लाल दगडाची घरे, हेरिंग मासळीचा धंदा आणि बंदराच्या तोंडाशी बेटकुळीवर पसरलेला जुना किल्ला. रात्री त्या किल्ल्यात काळा कुत्रा फिरतो, ही अठराव्या शतकापासून लिखित स्वरूपात आढळणारी आख्यायिका. वडील चार्ल्स मॉरिसन हे व्यापारी आणि जहाजमालक होते. म्हणजे ज्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडून मॉरिसनबाई मँक्स टिपून घेत होत्या, त्यांच्याहून त्या सुस्थितीतल्या घरातल्या. हे अंतर विसरून त्यांचे कागद वाचता येत नाहीत. ज्यांच्या घरी भाषा जिवंत होती त्यांना ती ओझे वाटत होती. ज्यांना ती ठेवा वाटत होती त्यांतल्या अनेकांना ती पुस्तकातून शिकावी लागत होती.

७/
शिकण्याचे पुस्तकही पीलमधूनच निघाले. मॉरिसनबाईंचे सहकारी एडमंड गुडविन यांनी १९०१ मध्ये मँक्सचे प्राथमिक धडे छापले. मातृभाषेचे धडे पुस्तकातून घ्यावे लागणे, यातच त्या काळाची सारी अडचण आली. तरी ते पुस्तक टिकाऊ ठरले. विसाव्या शतकात मँक्स शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी त्याच्यावरच हात बसवला.

८/
आता दप्तराकडे. मॉरिसन यांचे कागद आज डग्लस येथे मँक्स राष्ट्रीय वारसा संस्थेच्या ग्रंथालयात आहेत. पत्रव्यवहार, गाण्यांच्या नोंदी, कथांची टिपणे, असा हा ऐवज. खासगी दप्तर पहिल्यांदाच उघडणाऱ्या नव्या अभ्यासकाला एक गोष्ट उशिरा लक्षात येते. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर असे दप्तर मुख्यतः ‘आवक’ असते. त्यात इतरांनी पाठवलेली उत्तरे सापडतात. मालकाने पाठवलेली पत्रे, म्हणजे ‘जावक’, ज्यांना मिळाली त्यांच्या घरी गेली. त्यांतली काही दुसऱ्यांच्या दप्तरांत उरली, बाकीची चुलीत किंवा रद्दीत.

९/
म्हणून सोळा वर्षे चिटणीस राहिलेल्या बाईंचे कागद वाचताना त्यांचा स्वतःचा स्वर बऱ्याचदा उत्तरांवरून ताडावा लागतो. कोणी एखाद्या म्हणीचा अर्थ कळवला असेल, तर तो कोणीतरी विचारला होता. कोणी गाण्याचे अर्धेच कडवे पाठवले असेल, तर उरलेले अर्धे मागितले गेले असणार. इतिहासाच्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेवरून प्रश्नपत्रिका मांडावी, तसे हे काम.

१०/
या कागदांचा दुसरा गुण म्हणजे त्यांतली अशुद्धता. बेटावरचे बहुतेक मँक्स भाषक मँक्स लिहीत नसत. शाळा केली ती इंग्रजीत. लिहिण्याची वेळ आलीच तर कानाला जसे ऐकू येई तसे ते उतरवीत. आज मोबाइलवर रोमन लिपीत मराठी टंकणाऱ्या दहा जणांची दहा स्पेलिंगे होतात, तसाच प्रकार. शुद्धलेखनाच्या आग्रही संपादकाला हा गोंधळ वाटेल. भाषाशास्त्रज्ञाला मात्र हेच हवे असते, कारण माणसाने चुकीच्या अक्षरांत उतरवलेला शब्द त्याचा उच्चार सांगून जातो. छापील बायबलमध्ये जे उच्चारभेद झाकले गेले, ते अशा चिठ्ठ्याचपाट्यांतून डोकावतात.

११/
पत्रांच्या बळावर काय वाचू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण दुसऱ्याच एका माणसाचे आहे. बेटाच्या दक्षिण टोकाला क्रेगनीश नावाची वाडी आहे. तेथे एडवर्ड फॅरघर (१८३१-१९०८) हा मच्छीमार राहत असे. गावात त्याला ‘नेड बेग होम रुई’, म्हणजे तांबड्या टॉमचा छोटा नेड, म्हणत. मँक्स ही त्याची जन्मभाषा, आणि विशेष म्हणजे तो ती लिहितही असे. कविता, लोककथा, आठवणी त्याने लिहिल्या. इसापच्या कथा मँक्समध्ये आणल्या. त्यांतल्या थोड्याच १९०१ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापल्या गेल्या.

१२/
फॅरघरच्या गावात त्याच्या लेखनाला वाचक जवळजवळ नव्हता. त्याला वाचक मिळाला तो मँचेस्टरमध्ये राहणारा मूळचा जर्मन असलेला चार्ल्स रोडर. रोडर प्रश्न पाठवी, फॅरघर उत्तरे लिही. त्याचे मँक्स गद्य मुख्यतः या देवघेवीमुळे टिकले. फॅरघर अखेरीस इंग्लंडमध्ये डर्बीशायरला मुलाकडे राहायला गेला आणि तेथेच वारला, म्हणजे ज्या भाषेत तो लिहीत होता ती ऐकू येण्याचा संभव नसलेल्या मुलखात. त्याच्या कथा आणि आठवणींची अभ्यासपूर्ण आवृत्ती जर्मनीतील केल्टिक भाषाशास्त्राच्या नियतकालिकात १९८१-८२ मध्ये निघाली, म्हणजे मृत्यूनंतर सत्तरहून अधिक वर्षांनी. याच रोडरबरोबर मॉरिसनबाईंनी मँक्स म्हणींचा छोटा संग्रह केला, तो १९०५ चा.

१३/
आता त्या मेणाच्या नळ्यांची गोष्ट. १९०५ ते १९१३ या काळात मंडळाने फोनोग्राफवर मँक्स बोलणे आणि गाणे मुद्रित केले. कल्पना काळाच्या पुढची होती. खेड्यात यंत्र नेऊन, म्हाताऱ्या माणसाला कर्ण्यासमोर बसवून त्याचा आवाज धरायचा, हे तेव्हा विद्यापीठांतही सर्रास होत नव्हते. मंडळाकडे राजाश्रय नव्हता, प्रयोगशाळा नव्हती, होती ती वर्गणी.

१४/
मेणाच्या नळीचा दोष तिच्या गुणातच असतो. मेण मऊ, म्हणून सुई त्यावर आवाजाची चर कोरू शकते. आणि मेण मऊ म्हणूनच दर वेळी वाजवताना तीच सुई ती चर थोडी थोडी झिजवते. दमट हवेत मेणावर बुरशी चढते, हात सुटला की नळी फुटते. एखाद्या उत्सुक कुटुंबाला आजोबांचा आवाज पाच-दहा वेळा ऐकवला, की तो आवाज तेवढ्याने विरत जातो. प्रेमाने ऐकणारेच नकळत पुसणारे ठरतात.

१५/
व्हिएन्नाचे ध्वनिसंग्रहालय, योगायोगाने मँक्स मंडळाच्याच वर्षी, १८९९ मध्ये स्थापन झालेले, हा धोका ओळखून होते. तेथे मेणाच्या तबकडीवरून धातूचा साचा काढीत आणि मूळ ठसा त्या साच्याच्या रूपाने जपत. १९०९ मध्ये ट्रेबिचने नेलेले मँक्स आवाज त्यामुळे दोन महायुद्धे ओलांडून आले. पीलच्या मंडळाचा उत्साह व्हिएन्नाच्या संशोधकाहून कमी नव्हता आणि बेटावरची माणसेही त्यांना अधिक जवळची होती. उणीव होती ती धातूचा साचा काढणाऱ्या संस्थेची. बेटाचे स्वतःचे वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये उघडले, तोवर मंडळाचे ध्वनिमुद्रण थांबून नऊ वर्षे झाली होती आणि मॉरिसनबाईंना जाऊन पाच.

१६/
कागदावर काय उतरले आणि काय निसटले, हे येथे नेमके दिसते. गाण्याचे शब्द उतरले, चालही सुरलिपीत उतरली. म्हणणाऱ्याने श्वास कुठे घेतला, कोणता स्वर लांबवला, कोणते व्यंजन जवळजवळ गिळले, हे नळीत होते आणि नळीबरोबर गेले. मॉरिसनबाईंच्या काळातले अनेक भाषक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मलेले होते. पुढे १९२९ नंतर नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ कार्ल मार्स्ट्रांडर आले, १९४८ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाची ध्वनिमुद्रणाची गाडी आली, त्यांना भेटले ते त्यानंतरच्या पिढीचे, आणि तेही बोटांवर मोजण्याइतके. मधल्या पिढीचा आवाज ऐकायचा तर व्हिएन्नाच्या थोड्या तबकड्यांखेरीज आधार नाही.

१७/
मॉरिसनबाईंच्या कामातला एक पेच त्यांचे चाहते हळूच टाळतात. ‘भाषा नाही, तर देश नाही’ म्हणणाऱ्या मंडळाच्या या चिटणीसबाईंचे सर्वांत गाजलेले पुस्तक इंग्रजीत आहे. १९११ मध्ये लंडनच्या डेव्हिड नट यांनी प्रसिद्ध केलेला मँक्स परीकथांचा तो संग्रह. फिनोदरी नावाचा केसाळ, राबणारा घरदेव, सेंट ट्रिनियनच्या चर्चचे छप्पर टिकू न देणारा बगान, ही मंडळी त्यातून बेटाबाहेर गेली. १९२९ च्या दुसऱ्या आवृत्तीला आर्चिबाल्ड नॉक्स यांची चित्रे लाभली. ‘पील प्लेअर्स’ या त्यांच्या नाट्यमंडळीची नाटके होती बेटावरच्या बोलीत, म्हणजे मँक्स वळणाच्या इंग्रजीत. १९१३ पासून त्यांनी चालवलेले ‘मॅनिन’ हे नियतकालिकही मुख्यतः इंग्रजीच.

१८/
याला पराभव म्हणावे का? हा आरोप अर्धाच खरा आहे. शाळांत मँक्स यावी, असे मंडळाला वाटत होते. ती तेव्हा रुजली नाही, आणि रुजवण्याची सत्ता मंडळाच्या हाती नव्हती. मॉरिसनबाईंनी जे हाती होते ते केले. मँक्स वाचणारा वर्ग रोज आटत असताना कथा केवळ मँक्समध्ये छापणे म्हणजे त्या पुन्हा पेटीत बंद करणे. त्यांनी कथा चालत्या भाषेत सोडल्या आणि भाषेचा कच्चा माल दप्तरात साठवला. पण याची किंमतही मोजावी लागली. मँक्स असल्याचा अभिमान मँक्स न बोलताही मिरवता येतो, ही सोय त्याच पुस्तकांनी आणि नाटकांनी बेटाला करून दिली.

१९/
भाषा मरताना आपले शब्द शेजारणीच्या घरात कसे ठेवून जाते, हे त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामात दिसते. बेटावरच्या इंग्रजीत उरलेल्या मँक्स शब्दांचा कोश मूर यांनी हाती घेतला होता. मूर १९०९ मध्ये वारले. मग मॉरिसनबाई आणि गुडविन यांनी काम पुढे नेले. शब्दासोबत तो बोलण्यात कसा येतो याची वाक्ये जोडली. ‘ट्रे दे ल्यूर’, म्हणजे ‘वेळ भरपूर आहे’, हा बेटाचा जणू स्वभावच सांगणारा वाक्प्रचार मँक्स न येणाऱ्यांच्या तोंडीही आजवर आहे. हे शब्द टिपणाऱ्यांना मात्र वेळ भरपूर नव्हता.

२०/
१४ जानेवारी १९१७ रोजी सोफिया मॉरिसन वारल्या. वय ५७. महायुद्ध चालू होते. पर्यटक थांबले होते, तरुण आघाडीवर होते. ‘मॅनिन’चे आठ अंक त्यांनी काढले. नववा अंक विल्यम कबन यांनी त्यांच्या स्मरणार्थ काढला आणि नियतकालिक बंद पडले. कबन पुढे बेटाच्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक झाले.

२१/
शब्दकोश १९२४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर नावे तीन : मूर, मॉरिसन, गुडविन. छापील प्रत पाहायला तिघांतले एकटे गुडविन उरले होते, आणि पुढल्याच वर्षी तेही गेले.

२२/
ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते, त्या जन्मभाषकांची ओळ १९७४ मध्ये संपली. त्या वर्षी २७ डिसेंबरला नेड मॅड्रेल वयाच्या ९७ व्या वर्षी वारले; तेही क्रेगनीशचेच. लहानपणी ते फक्त मँक्स जाणणाऱ्या एका म्हाताऱ्या नातलग बाईंकडे राहिले, म्हणून त्यांना ती आली. त्यांच्याशी बोलून मँक्स पक्की करणारी शिकाऊ मंडळी मात्र तयार झाली होती. १९९२ मध्ये मँक्स शाळांत ऐच्छिक विषय म्हणून आली, २००१ मध्ये मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. २००९ मध्ये युनेस्कोने भाषा ‘नामशेष’ ठरवली, तेव्हा त्या शाळेतल्या मुलांनी मँक्समध्ये पत्रे लिहून विचारले, की मग आम्ही लिहितो ती भाषा कोणती? युनेस्कोला वर्गवारी बदलावी लागली. २०२१ च्या जनगणनेत २,२२३ जणांनी आपल्याला थोडीफार मँक्स येते असे नोंदवले. हा आकडा १९११ च्या आकड्याला जवळजवळ भिडतो, पण तेव्हाचे बहुतेक घरी शिकलेले होते, आजचे बहुतेक वर्गात.

२३/
मॉरिसनबाईंच्या मागे मंडळाचे चिटणीसपद गेले ते अठरा वर्षांच्या एका मुलीकडे. मोना डग्लस तिचे नाव. मॉरिसनबाईंनीच तिला लोकगीते गोळा करायला प्रोत्साहन दिले होते. ती १९८७ पर्यंत जगली, गाणी आणि नृत्ये जमवीत राहिली, आणि तिचेही दप्तर आता डग्लसच्या त्याच ग्रंथालयात आहे.